चार बिंदू आणि एक सही

लग्नपत्रिकेवरचा गणपती आठवून बघा. चार-पाच वळणांत काढलेला, सोंडेची एक लांब रेघ, कपाळावर गंध. हाच गणपती तुम्हाला टेम्पोच्या मागच्या काचेवर रेडियममध्ये कापलेला दिसतो, मंडळाच्या पावतीपुस्तकावर दिसतो आणि चौकातल्या वीस फुटी फ्लेक्सवरही दिसतो. पावतीवर तो अर्ध्या इंचाचा, फ्लेक्सवर माणसाएवढा. पण कड कुठेच फाटलेली नाही. मोबाईलवर आलेला फोटो मोठा करून छापला की चौकोन चौकोन दिसायला लागतात, याचं तसं का होत नाही?

कारण संगणकाच्या लेखी तो गणपती म्हणजे सूचनांची यादी आहे. इथून निघ, असं वळ, तिथे थांब, आत लाल भर. कितीही मोठा करा, संगणक प्रत्येक वेळी तो नव्याने काढतो. ही यादी लिहायची रीत कुणी शोधली, ती छापखान्यात कशी पोचली आणि या प्रवासात चित्रकाराच्या सहीचं काय झालं, हा आजचा विषय. गोष्ट आहे फ्रान्समधल्या मोटारींची. पण सही म्हणजे नक्की काय गेलं ते कळायचं तर आधी थोडं मुंबईत थांबावं लागेल.

ब्लॉकचा जमाना

खिळे जुळवून छपाई व्हायची तेव्हा मुखपृष्ठ छापणं हे मोठं प्रकरण होतं. चित्रकार कागदावर मूळ चित्र रंगवणार. ते ब्लॉकमेकरकडे जाणार. तो रंगीत काचा लावून त्याचे वेगवेगळे फोटो काढणार, पिवळ्यासाठी एक, लालसाठी एक, निळ्यासाठी एक, काळ्यासाठी एक. मग धातूच्या पत्र्यावर अॅसिडने ठसे उठवणार. एकाच कागदावर चार वेळा छपाई, आणि चारही रंग एकमेकांवर बरोब्बर बसले तर ठीक, नाहीतर नायिकेच्या ओठांच्या शेजारी अजून एक ओठ. ब्लॉक ज्या मापाचा, चित्र त्याच मापाचं. मोठं हवं? नवा ब्लॉक करा, नवे पैसे मोजा.

या सगळ्यात एक गोष्ट आपोआप घडायची. चित्राच्या कोपऱ्यात चित्रकाराने सही केलेली असली, तर तीही चित्राबरोबर ब्लॉकवर उतरायची. ती काढून टाकायची तर कुणीतरी मुद्दाम खटपट करावी लागे. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) ही दोन नावं मराठी घराघरांत पोचली ती अशी. दोघांचीही मुळं गोव्यातली, दोघांचं काम मुंबईत. दलालांनी तर १९४५ साली स्वतःचा 'दीपावली' अंकच सुरू केला. आजी-आजोबांच्या पिढीतले लोक 'दलालांचं चित्र' असं सहज म्हणतात. चित्रांच्या प्रदर्शनाला आयुष्यात पाऊल न ठेवलेला माणूसही दोघांची शैली लांबून ओळखायचा.

आता हेही खरं की सगळ्या कामाला सही नसायची. धंद्यासाठी काढलेली चित्रं तेव्हाही निनावीच असत. एअर इंडियाचा महाराजा १९४६ साली बॉबी कूका यांच्या कल्पनेतून आला, तो कागदावर उतरवला जे. वॉल्टर थॉम्प्सन या जाहिरात कंपनीतल्या उमेश राव यांनी. अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकवाली मुलगी १९६६ सालची. सिल्व्हेस्टर डाकुन्हा यांच्या मोहिमेसाठी ती युस्टेस फर्नांडिस यांनी काढली. महाराजा नि ती मुलगी सगळ्यांना ठाऊक. राव आणि फर्नांडिस किती जणांना ठाऊक आहेत, ते घरी विचारून बघा.

थोडक्यात, दोन जगं होती. पुस्तकांचं जग, जिथे चित्राला सही असे. आणि धंद्याचं जग, जिथे चित्र हा मालाचाच भाग. दोन्हींसाठी काम करणारा चित्रकार बऱ्याचदा एकच असे, पण त्याला आणि गिऱ्हाइकाला दोन्हीतला फरक माहीत असे. संगणकाने ही मधली भिंत पाडली. ती कशी, ते बघण्यासाठी आता मोटारींच्या कारखान्यात जाऊ.

सिट्रोएनचं गुपित

मोटारीचा पत्रा म्हणजे सगळी वळणंच. पूर्वी ही वळणं आखायला लवचीक पट्टी वापरत. तिच्यावर ठिकठिकाणी शिशाची वजनं ठेवायची, पट्टी वाकते, तिच्या कडेने पेन्सिल फिरवायची. मग मातीचं मॉडेल, त्यावरून साचे. अडचण ही, की चित्रकाराच्या मनातलं वळण आरेखकाकडे जाताना थोडं बदले, साचेवाल्याकडे जाताना अजून थोडं. शेवटी वाद झालाच तर खरं वळण कुठलं मानायचं? आकड्यांत लिहिलेलं वळण कुठेच नव्हतं.

१९५८ साली सिट्रोएन कंपनीने पॉल द कास्तल्झो नावाच्या तरुण गणितज्ञाला नोकरीवर घेतलं. १९५९ साली त्यांनी एक रीत बसवली. ती इतकी सोपी आहे की वहीच्या कागदावर करून बघता येते.

चार बिंदू घ्या: क, ख, ग, घ. वळण क पासून निघून घ ला संपणार. ख आणि ग वळणावर नसतात, ते फक्त दिशा देतात. क वरून निघताना तोंड ख कडे, आणि घ ला पोचताना ग च्या बाजूने. आता क-ख, ख-ग, ग-घ या तीन रेघांचे मध्य काढा. तीन मध्य मिळाले, ते जोडून दोन रेघा झाल्या. त्यांचे मध्य काढा. दोन मिळाले, ते जोडून एक रेघ. तिचा मध्य काढा. हा शेवटचा बिंदू वळणावर आहे! शिवाय इथे वळणाचे दोन तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याचे चार-चार बिंदू वरच्या आकडेमोडीतच हाताशी आलेत. पुन्हा तेच करा. आठ-दहा वेळा केलंत की तुकडे इतके छोटे होतात की सरळ रेघ काढली तरी डोळ्याला कळत नाही.

फक्त बेरीज आणि दोनने भागाकार. संगणकाला याहून सोपं काम देता येणार नाही. एका वळणासाठी साठवायचे किती, तर चार बिंदूंचे आठ आकडे.

सिट्रोएनने काय केलं? कुलपात ठेवलं. प्रतिस्पर्ध्याला कळू नये म्हणून हे काम वर्षानुवर्षं कंपनीबाहेर जाऊ दिलं नाही. दरम्यान रेनॉ कंपनीत पिएर बेझिए (१९१०–१९९९) या अभियंत्याने १९६० च्या दशकात, स्वतंत्रपणे, वेगळ्या वाटेने याच वळणापर्यंत मजल मारली आणि त्यावर युनिसर्फ नावाची प्रणाली उभारली. त्यात आकडे द्यायचे आणि यंत्राने थेट मॉडेल कोरायचं. बेझिए यांनी मात्र आपलं काम छापलं. दोन्ही रीती एकाच गणितात बसतात हे पुढे स्पष्ट झालं, पण तोवर जगाने वळणाला नाव देऊन टाकलं होतं: बेझिए कर्व्ह. सिट्रोएनमधले अहवाल बाहेरच्या गणितज्ञांच्या हाती पडायला १९७५ च्या आसपासचा काळ उजाडला. तेव्हापासून निदान ती मध्य काढत जायची रीत 'द कास्तल्झो अल्गोरिदम' म्हणून ओळखली जाते. आधी शोधणारा तो, नाव दुसऱ्याचं, आणि यात बेझिए यांची काडीचीही चूक नाही. ज्याचं काम पगारावर होतं आणि कंपनीने उघड केलं नाही, त्याचं नाव मागे राहिलं, एवढंच.

वळण छापखान्यात येतं

आता उडी कॅलिफोर्नियात, १९८२ साल. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातून जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की बाहेर पडले आणि त्यांनी अडोबी ही कंपनी काढली. वॉर्नॉक यांच्या घरामागून वाहणाऱ्या ओढ्याचं हे नाव. त्यांनी बनवलेली पोस्टस्क्रिप्ट (१९८४) ही चक्क प्रोग्रामिंगची भाषा आहे. पानावर काय कुठे आहे ते या भाषेत लिहायचं, आणि प्रिंटरने तो प्रोग्राम चालवून पान रंगवायचं. यात वळण काढायची एक आज्ञा आहे, आणि ती बरोब्बर तीच चार बिंदूंची.

१९८५ साली आलेला अॅपलचा लेझररायटर हा प्रिंटर ही भाषा समजत असे. किंमत ६,९९५ डॉलर, आणि त्याच्या आतला संगणक त्याला जोडलेल्या मॅकिंटॉशपेक्षा तगडा होता :) तो इंचाला ३०० ठिपके छापे. तीच फाइल छापखान्यातल्या लायनोट्रॉनिक यंत्राला दिली की इंचाला १,२७० किंवा २,५४० ठिपके. फाइलमध्ये अक्षरही बदलायचं नाही. ब्लॉकच्या जमान्यातली 'मोठं हवं तर नवे पैसे' ही अट इथे संपली.

वॉर्नॉक यांच्या पत्नी मार्वा या ग्राफिक डिझायनर होत्या. अडोबीचं पहिलं बोधचिन्ह त्यांचंच. शाईच्या पेनने एकेक वळण घोटणं किती वेळखाऊ असतं ते वॉर्नॉक घरात बघत होते. पोस्टस्क्रिप्टला वळणं काढता येतात, मग ती हाताने प्रोग्राम न लिहिता पडद्यावर ओढून का काढू नयेत? त्यातून १९८७ साली इलस्ट्रेटर आलं. चित्रासाठीचं हे अवजार आजही या धंद्यात वापरलं जातं. पहिल्या आवृत्तीत काम करताना नुसत्या रेघा दिसत, रंग भरल्यावर काय होतं ते बघायला वेगळ्या खिडकीत जावं लागे. आणि हाताने काढलेलं चित्र स्कॅन करून खाली ठेवायचं नि त्यावरून वळणं गिरवायची, ही सोयही तेव्हापासूनची. आपले डीटीपीवाले ज्याला 'ट्रेस मारणं' म्हणतात ते हेच.

या प्रकाराची गरज का होती ते आकड्यांत बघू. ए-फोर आकाराचं पान इंचाला ३०० ठिपक्यांनी साठवायचं तर २,४८० गुणिले ३,५०८, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके. चार रंग धरले तर साडेतीन कोटी बाइट. १९८६ च्या मॅकिंटॉश प्लसची मेमरी होती १ मेगाबाइट, फ्लॉपी ८०० किलोबाइटची. पूर्ण चित्र उचलायची त्या यंत्राची ताकदच नव्हती. वळणाचे आठ आकडे मात्र सहज मावत.

कोरल आणि भिंत पडणं

मराठी मुलखात ही वळणं रुजवली ती मुख्यतः कोरेलड्रॉने. कॅनडातल्या ओटावाच्या कंपनीचं हे सॉफ्टवेअर १९८९ चं. ते विंडोजवर चाले, आणि आपल्याकडे परवडणारा संगणक म्हणजे विंडोजचाच. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि कोरल, एवढ्या दोन गोष्टींवर गावोगावचे डीटीपी सेंटर उभे राहिले. पत्रिका, हँडबिलं, दुकानाच्या पाट्या, अभ्यासक्रमाची गाइडं, कवितासंग्रहांची मुखपृष्ठं, सगळं तिथेच.

कोरेलबरोबर सीडीवर तयार चित्रं येत, हजारोंनी. समई, वाढदिवसाचा केक, हस्तांदोलन करणारे दोन हात, कंदील. यातलं प्रत्येक चित्र कुणीतरी बसून काढलं होतं. पण डीटीपीवाल्याच्या पडद्यावर ते यायचं फाइलच्या नावाने. मोठं करता येतं, उलटं करता येतं, रंग बदलता येतो, दोन चित्रं तोडून तिसरं करता येतं. आणि कोपऱ्यात सही असलीच तर ती बाकीच्या वळणांसारखीच चार-दोन वळणं असते. निवडा, डिलीट दाबा, गेली. ब्लॉकवरून सही खरवडायला कष्ट होते, इथे एक बटण.

मी भिंत पडली म्हणतो ती ही. ज्या समईचं चित्र कवितासंग्रहाच्या मुखपृष्ठावर, तेच पतसंस्थेच्या कॅलेंडरवर आणि तेच साडीच्या पिशवीवर. पुस्तकाचं चित्र आणि धंद्याचं चित्र असा भेद राहिला नाही. आणि नियम लागू झाला तो धंद्याच्या जगातला, निनावीपणाचा.

कोरेलचाच एक किस्सा सांगण्यासारखा आहे. कंपनी दरवर्षी चित्रस्पर्धा घेई. १९९६ ची स्पर्धा जॉन कॉर्करी यांनी काढलेल्या हेडी लमारच्या चित्राने जिंकली आणि तो चेहरा कोरेलच्या खोक्यावर झळकला. लमार म्हणजे हॉलीवूडची जुनी नटी, जिच्या नावावर १९४२ चं रेडिओ लहरी बदलत ठेवण्याच्या तंत्राचं पेटंटही आहे (आमच्या क्षेत्रातले लोक तिला त्यासाठीच मानतात). तिने कंपनीवर दावा ठोकला: माझा चेहरा मला न विचारता वापरलात. कंपनी म्हणाली, चित्रावर तुमचा हक्क नाही. १९९८ मध्ये तडजोड झाली. भांडण चेहरा कुणाचा आणि खोकं कुणाचं यावर झालं. ज्याने एकेक वळण ओढून ते चित्र उभं केलं, तो या भांडणात बाजूलाच होता.

कायदा काय म्हणतो

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या १७ व्या कलमानुसार मोबदला देऊन मागणीवरून काढून घेतलेल्या पेंटिंग वा पोर्ट्रेटची पहिली मालकी, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याची. नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम मालकाचं. संगणकावर काढलेलं पुस्तकातलं रेखाचित्र 'पेंटिंग'मध्ये धरायचं का, यावर वकील लोक एक अख्खी दुपार घालवू शकतात. म्हणून लिहून घेतलेलं बरं.

आणि लिहून घेताना १९ वं कलम माहीत असावं. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर करार लेखी आणि सहीनिशी हवा. किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरली जातात. कुठल्या प्रदेशासाठी ते लिहिलं नसेल तर फक्त भारत. पण सगळ्यात महत्त्वाचं कलम ५७ वं. हक्क विकून टाकला तरी 'हे मी काढलं आहे' असं म्हणायचा चित्रकाराचा अधिकार जात नाही. पैशाचा व्यवहार आणि नाव या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या ठेवल्या आहेत. व्यवहारात मात्र आपण पैसे दिले की नावही विकत घेतलं असं समजतो.

नावाला जागा आहे

माझ्या धंद्यातली एक गंमत. आम्ही कोड लिहितो त्याच्या प्रत्येक ओळीला नाव चिकटलेलं असतं. कोड कंपनीच्या मालकीचा, पण गिटमध्ये 'ब्लेम' अशी एक आज्ञा दिली की ही ओळ कुणी, कधी लिहिली ते समोर येतं. मालकी एकाची, नाव दुसऱ्याचं, आणि त्यावरून कुणाचं पोट दुखत नाही.

चित्राच्या फाइलमध्येही अशी जागा आहे. २००१ साली मान्य झालेलं एसव्हीजी हे वळणांचं चित्र साठवायचं खुलं रूप आहे. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडा, साधा मजकूर दिसेल. त्यात रोमन सी अक्षर आणि पुढे तीन बिंदू दिसले की समजा बेझिएंचं वळण आलं (चौथा बिंदू म्हणजे आपण आधीच उभे आहोत ती जागा). त्याच फाइलमध्ये चित्रकाराचं नाव लिहायची सोय दिलेली आहे. इलस्ट्रेटरच्या फाइलमध्येही आहे. अक्षरांच्या फाँटमध्ये तर डिझायनरच्या नावासाठी ठरलेला रकाना असतो. विंडोजवर मराठी वाचताना ज्या 'मंगल' फाँटने आपली सोबत केली, तो र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांचा, आणि त्याचं प्रत्येक अक्षरही अशाच वळणांनी बनलेलं आहे. म्हणजे तंत्राने नावाची वाट अडवलेली नाही. जागा रिकामी ठेवतो ते आपण.

कुणी म्हणेल, आता तर एक वाक्य टाइप केलं की यंत्र चित्र काढून देतं, नावाचं काय घेऊन बसलात? पण त्या यंत्रांचं शिक्षण माणसांनी काढलेल्या चित्रांवरच झालंय. २०२२ साली खुल्या झालेल्या एका संचात चित्र आणि त्याखालचा मजकूर अशा सुमारे ५८५ कोटी जोड्या होत्या. त्याच वर्षी लोकांनी पोलंडच्या ग्रेग रुटकोव्स्की या चित्रकाराचं नाव आज्ञेत घालून त्याच्यासारखी चित्रं इतकी काढली की तोच हैराण झाला. म्हणजे नुसतं नाव असून भागत नाही, हे कबूल. पण त्याला तक्रार तरी करता आली, कारण त्याचं नाव ठाऊक होतं. पत्रिकेवरच्या गणपतीच्या चित्रकाराला ती सोयही नाही.

तेव्हा करण्यासारखं अगदी साधं आहे. सोसायटीच्या स्मरणिकेचं मुखपृष्ठ कुणाकडून काढून घ्याल, धंद्याचं बोधचिन्ह करून घ्याल, मामाच्या कवितासंग्रहाला रेखाटनं लागतील, तेव्हा तीन गोष्टी कागदावर लिहा: कशासाठी, किती वर्षांसाठी, आणि नाव कुठे येणार. फाइल हातात आली की नावाच्या रकान्यात चित्रकाराचं नाव आहे ना ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

द कास्तल्झो २०२२ च्या मार्चमध्ये वारले, ९१ व्या वर्षी. त्यांच्या रीतीला त्यांचं नाव मिळालेलं त्यांना बघायला मिळालं. कारण सोळा वर्षांपूर्वीच्या अहवालांवर लिहिणाऱ्याचं नाव होतं आणि कुणीतरी ते वाचलं.

असो. पुढच्या वेळी जमलं तर र. कृ. जोशी आणि देवनागरी फाँटांवर सविस्तर लिहीन.